जाळीच्या आत कोण उभं राहणार

जगात सगळीकडे प्राणी पिंजऱ्यात असतात आणि माणसं बाहेरून शेंगदाणे टाकतात. आमच्याकडे उलटं आहे. आमच्याकडे बायका पिंजऱ्यात उभ्या राहून धुणी धुतात आणि मगर बाहेर मोकळी फिरते.

त्या पिंजऱ्याला आम्ही जाळी म्हणतो. नदीच्या पायऱ्या जिथे पाण्यात उतरतात तिथे तीन बाजूंनी लोखंडी खांब रोवलेत, खांबांना जाड सळ्यांच्या चौकटी जोडल्यात आणि पायऱ्यांच्या बाजूला कडीचं दार आहे. आत कमरेएवढं पाणी. जाळी माझ्या बाबांनी केली, कारण बाबा वेल्डर आहेत. कल्पना माझी. म्हणजे कुठल्याशा लांबच्या नदीवर असं करतात हे भूगोलाच्या बाईंनी सांगितलं होतं, पण सगळ्या गर्दीसमोर उभं राहून बोलले ती मी.

मगरीचं नाव मोठ्या बाई. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या की अख्खी शाळा चिडीचूप होते, आणि ही वाळूवर आली की अख्खा काठ. नाव कुणी ठेवलं ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. मला अजून त्याच शाळेतून पास व्हायचंय.

किराणावाल्याचे वडील पाय घसरून पाण्यात पडले आणि वर आलेच नाहीत, त्या वर्षी सगळ्यांनी ठरवलं होतं की मगर मारायची. त्याच सुमारास मी बोलायला लागले होते. त्याआधी मला वर्गात 'हजर' म्हणतानाही घाम फुटायचा. मग स्नेहसंमेलनात निवेदन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी माईक माझ्या हातात कोंबला, आणि नंतर तो काढून घ्यायला दोन बाई याव्या लागल्या. तेव्हापासून मला घरीदारी भोंगा म्हणतात.

तर भोंगा पायऱ्यांवर उभा राहिला. मी म्हणाले, तिने कट रचून माणूस मारलेला नाही, तिला भूक लागली होती. म्हणाले, ही मारली तर हिच्या जागी दुसरी येईल, ती कुठे झोपते आणि कधी फिरते हे आपल्याला ठाऊकसुद्धा नसेल. म्हणाले, नदीवर राग काढून काय मिळणार, जाळी बांधा. किराणावाला लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या हातात पहार होती. शेवटी ती त्याने खाली टेकवली आणि म्हणाला, "बांधा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा तर असे बघत होते, जणू ते भाषणही त्यांनीच वेल्ड केलं होतं.

जाळी झाली, तसा तिचा एक नियमही झाला. सकाळी पहिल्यांदा उतरणाऱ्या बाईने दारातूनच लांब काठीने आतले सगळे कोपरे ढोसायचे आणि मगच पाय टाकायचा. नियम माझ्या आत्याने घातला. काठीही तिनेच आणली. आणि पहिली बाई म्हणजे रोज तीच. आत्या बाबांची थोरली बहीण, आमच्यातच राहते, आणि दवाखान्याच्या चादरी धुवायची. चादरींना दिवसभराचं ऊन मिळायला हवं म्हणून ती उजाडताच पाण्यात. मी दात घासत असायचे तेव्हा ती काठी ढोसत असायची. बाबा तिला म्हणायचे, "ताई, माझ्या जाळीला किती टोचशील?" ती म्हणायची, "तुझ्या जाळीवर विश्वास आहे रे, नदीवर नाही."

गेल्या महिन्यात नदी चढली. जाळी पार बुडाली. पाणी उतरलं तेव्हा नदीकडची चौकट वरच्या जोडांपासून तुटून पाण्यात कलली होती. बाबा नावाड्याच्या होडीतून गेले, दोर लावून चौकट उभी केली आणि दोन्ही बाजूंना जोड मारले. मी पायऱ्यांवर बसून ठिणग्या बघत होते. पाणी चहासारखं गढूळ. वर पाला, फांद्या, कुणाची तरी चप्पल तरंगत होती. बाबांनी जोडावर हातोडी मारून बघितली आणि आवाजावर खूश झाले. म्हणाले, "आयुष्यातला सगळ्यात चांगला जोड आहे हा, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने काठी उचलली, आणि आमच्या दारातून तोंडात ब्रश असलेले बाबा ओरडले, "अगं ताई, कालच केलीय! हत्ती आला तरी हलायची नाही. आज तरी ती काठी ठेव, बिनधास्त उतर!"

आत्या हसली. खरंच हसली, मी बघितलं. "बरं बाबा, तुझ्या जोडाचा मान," म्हणाली, काठी भिंतीला टेकवली आणि चादरींचं गाठोडं घेऊन उतरली.

बाबांनी चौकट उभी केली तेव्हा मगर आतच होती.

मी वेणी घालत होते. आधी बादली पायऱ्यांवरून गडगडल्याचा आवाज आला. मग जो आवाज आला तो आत्याचा आहे हे मला कळलंच नाही. मला वाटलं, होडी कशाला तरी घासली. मी धावले तोवर खानावळवाली काकू दारातून आत्याला काखेत धरून ओढत होती आणि बाबा ब्रश तोंडात तसाच, कमरेएवढ्या पाण्यात, हातात सापडेल त्याने पाणी बडवत होते. आत्या बाहेर आली. तिचा उजवा हात कोपरापर्यंतच आला.

खानावळवाल्या काकूने बाबांना वर खेचलं आणि दार लावून कडी घातली.

शाळेचा प्रश्नच नव्हता. आईने आत्याला रिक्षात मांडीवर घेतलं, बाबा पुढे बसले आणि ते दवाखान्यात गेले. उन्हं चढली तेव्हा बाबा एकटेच परत आले. घरात न येता सरळ कामाच्या खोलीत गेले. ग्राइंडरचा आवाज आला. मी डोकावले तर ते एका सळीला टोक काढत होते. बाबा काम करताना नेहमी काहीतरी गुणगुणतात. आज ओठ घट्ट मिटलेले.

पायऱ्यांवर तोवर सगळी वस्ती जमली होती. जाळीच्या आत पाणी शांत दिसायचं आणि मग एकदम नदीकडच्या चौकटीवर धाडकन आवाज व्हायचा. मगर बाहेर जायला बघत होती. दर वेळी चौकट थरथरायची आणि बाबांचा जोड जसाच्या तसा. पाण्यावर लालसर फेस आला होता. तो आत्याचा होता की मगरीच्या नाकाचा, मला कळत नव्हतं, आणि मला कळून घ्यायचंही नव्हतं.

मी वनखात्याला फोन लावला. पलीकडचे साहेब सज्जन होते, पण ते पुलाच्या पलीकडे होते आणि सखल पूल अजून पाण्याखाली. "उद्या येतो," म्हणाले. "तोवर तिला कुणी हात लावू नका. गुन्हा आहे तो."

मी हे मोठ्याने सांगितलं. सांगायला नको होतं.

"गुन्हा?" किराणावाला म्हणाला. "तिने माझा बाप नेला तो गुन्हा नव्हता, भूक होती. तूच म्हणाली होतीस ना? तुझं ऐकून मी गप्प बसलो, भोंग्या. रोज दुकानातून ही वाळूवर पडलेली दिसायची आणि मी साखर तोलायचो. आता बोल की. कर भाषण."

मी जाळीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो, पोरी," बाबा मागून म्हणाले. त्यांच्या हातात ती टोकदार सळी होती, आणि त्यांना बघून लोक आपोआप बाजूला झाले. मला वाटलं, आता झालं. पण ते जाळीपाशी जाऊन थांबले. मग वळून म्हणाले, "ताई म्हणेल ते."

"काय?" नावाडी म्हणाला.

"हात तिचा गेलाय. ती म्हणेल मारा, तर पहिला घाव माझा. ती म्हणेल नको, तर कुणी सळी उचलायची नाही." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जा. विचारून ये. आणि ती जे बोलेल तेच सांग. तुझ्या पदरचा शब्द घालू नकोस."

सगळे हो म्हणाले. किराणावालासुद्धा. मी धावत सुटले, आणि खरं सांगते, वाटेत मला बरंच वाटत होतं. आत्या मुंगीवर पाय पडला तरी चुकचुकते. मला ठाऊकच होतं ती काय म्हणणार. वाक्यसुद्धा मी मनात तयार केलं होतं, तिच्या तोंडी शोभेलसं.

आत्या शुद्धीवर होती. आई उशाशी बसली होती. रडून रडून तिचं नाक सुजलं होतं. आत्याचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा आणि पांघरुणाखाली उजव्या बाजूला बांधलेला एक आखूड गठ्ठा. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून तिकडेच बघत राहिले.

"ही चादर माझीच," आत्या म्हणाली. आवाज अगदी बारीक. "पुराआधी धुतलेली. कोपऱ्याला दुहेरी टीप आहे बघ."

"आत्या," मी म्हणाले, "सगळे जमलेत. बाबा म्हणाले, तुला विचारून यायचं. मगरीचं काय करायचं? तू म्हणशील ते."

"अगं, ही काय वेळ आहे विचारायची!" आई म्हणाली.

"राहू दे, वहिनी. विचारतायत तर." आत्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "मारा."

मी आईकडे बघितलं.

"ऐकलंस ना? मारा म्हणाले मी."

"आत्या, पण ती आत अडकली होती. बाबांनी चुकून…"

"मला माहीत आहे कुणी काय चुकून केलं." तिने डोळे उघडले. ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं. "जाळी बांधायची ठरली तेव्हा तू भाषण केलंस. तुझ्या बापाने लोखंड जोडलं. किराणावाला मोठ्या मनाचा म्हणून गाजला. सगळ्यांना दया आली, छान झालं. त्या जाळीच्या आत रोज कोण उभं राहणार, हे मला एकाने तरी विचारलं होतं का?"

आईने तोंडावर हात ठेवला.

"भीती वाटायची गं मला," आत्या म्हणाली. "रोज. काठी ढोसताना पोटात गोळा यायचा. तुम्ही सगळे मगरीचं इतकं कौतुक करायचात, त्यात मी कुठे माझी भीती सांगू? आता विचारताय, तर हे घ्या उत्तर. जा."

परत येताना मी धावले नाही. आणि त्या वाटेवर मी काय काय विचार केला ते कुणाला सांगण्यासारखं नाही. खोटं बोलणं किती सोपं होतं! आई काही नदीवर येणार नव्हती. मी म्हणाले असते, आत्या म्हणाली सोडा, तर सगळ्यांनी ऐकलं असतं, कदाचित रडलेही असते. एक मगर वाचली असती. आणि माझ्या आत्याला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं, ते तिचं उत्तर मी गिळून टाकलं असतं. दोन्हीकडून मी मेलेच होते. कोपऱ्यावर थांबून मी भिंतीला डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडले. मग नाक पुसलं आणि गेले.

सगळ्यांच्या माना वळल्या. जाळीवर धाडकन आवाज झाला.

"आत्या म्हणाली, मारा."

एकदम गलका झाला. किराणावाल्याने पहार उचलली. बाबांनी मान खाली घातली, जशी एखाद्याला शिक्षा सुनावल्यावर घालतात, आणि सळी घेऊन जाळीकडे निघाले.

"अजून आहे!" मी ओरडले. भोंगा शेवटी भोंगाच, आवाज पलीकडच्या काठाला गेला असेल. "ती आणखी एक म्हणाली. जाळीच्या आत कोण उभं राहणार हे तिला कुणी विचारलं नाही. मी नाही, बाबांनी नाही, तुम्ही कुणीच नाही. तिला रोज भीती वाटायची. हे तिचे शब्द. आता माझे सांगते."

"तुझे ठेव तुझ्याकडे," कुणीतरी म्हणालं.

"मला वाटतं मारू नये. अजूनही वाटतं. पण मी आत कधी उभी राहिले नाही, म्हणून माझ्या वाटण्याला काही किंमत नाही. ती आजपासून मी देते. आत्याच्या चादरी मी धुणार. पहिली मी उतरणार. रोज."

खानावळवाली काकू हसली, पण ते हसू नव्हतं. सकाळपासून तिच्या अंगावरचे कपडे आत्याच्या रक्ताने कडक झाले होते. "आजपासून ना? मग उतर की. ती आहेच आत. हे बघ दार."

मी पायऱ्या उतरले. खोटं सांगत नाही, मला धीट वाटत नव्हतं. दाराची कडी हाताला गार लागली. सळ्यांच्या पलीकडे, अगदी हात लांबवला तर लागेल एवढ्यावर, पाण्यात दोन डोळे होते. नाकाची कातडी सोलून पांढरी झाली होती. ती माझ्याकडे बघत होती की कुठेच बघत नव्हती, कुणास ठाऊक. तिथे राग नव्हता, माया नव्हती, माझ्या भाषणातलं काही म्हणजे काहीच नव्हतं. कडी काही माझ्याने उघडली गेली नाही.

मग ती वळली आणि सगळं अंग घेऊन पुन्हा चौकटीवर आपटली. जोड वाजला. तोच खणखणीत आवाज.

"सुटत कसा नाही," बाबा म्हणाले. ते कधी माझ्या शेजारी आले होते मला कळलं नव्हतं. त्यांनी माझा हात कडीवरून सोडवला. "सकाळपासून आपटतेय. सुटत कसा नाही हा." मग त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो मी बापाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ते पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. सगळ्यांसमोर.



बाबा उठले. सळी त्यांनी पाण्यात टाकून दिली. "तिला मी कोंडली," ते लोकांना म्हणाले. "ताईला काठी ठेवायला मीच सांगितलं. आता हिला मारून मी माझी चूक हिच्या नावावर लावणार नाही. नावाड्या, होडी आण."

"तुमची बहीण मारा म्हणालीय!" किराणावाला ओरडला. "तुम्हीच म्हणालात, ती म्हणेल ते!"

"म्हणालो होतो. शब्द मोडतोय. बहिणीला तोंड मी दाखवीन, तुम्ही नका."

नावाडी कपाळाला हात लावून म्हणाला, "होडी माझी आहे, वेल्डर, आणि तिच्यात माझे दोन पाय असतात. दोन्ही परत पाहिजेत." पण त्याने होडी आणली. गॅसचे सिलिंडर दोघांनी उचलून ठेवले. होडी बाहेरून नदीकडच्या चौकटीला लागली आणि बाबांनी कटर पेटवला.

काठावरून दगड यायला लागले. एक नावाड्याच्या पाठीत बसला. तो शिव्या देत होता पण वल्हं सोडत नव्हता. किराणावाला जाळीवर चढला आणि वरून त्याने पहार खाली मारली, पूर्ण जोर लावून. पाणी उसळलं. त्याने पुन्हा मारली. मी त्याचा पाय धरून ओढत होते आणि तो रडत होता आणि मीही. एक जोड कापला गेला. दुसऱ्यावर ज्योत होती तेव्हा मगर पुन्हा आपटली आणि चौकट एका अंगावर नदीत कोसळली. होडी जवळजवळ उलटली. मगर तिच्या खालून गेली. पाठीवर पहारेची खोल जखम होती, तेवढी एकदा पाण्यावर दिसली, आणि मग गढूळ पाणी.

जगली की मेली, माहीत नाही. वाळूवर ती पुन्हा दिसलेली नाही. दुसऱ्या दिवशी वनखात्याचे साहेब आले, त्यांनी सगळ्यांना दोन-दोन प्रश्न विचारले आणि जाळीचे फोटो काढले. किराणावाला आम्हाला सामान देत नाही. मी दोन गल्ल्या लांबून आणते. बाबांनी चौकट पुन्हा उभी केली. या वेळी आधी काठीने तळ ढोसून घेतला, इतका वेळ की नावाडी होडीत झोपला.

आत्या घरी आली तेव्हा बाबा दारातच तिच्या पायाशी बसले. ती त्यांना ओलांडून आत गेली. माझ्याशीही बोलली नाही. तिचा निरोप मी खरा पोचवला होता आणि तो मोडला गेला होता, यातलं नेमकं काय तिने मला माफ करायचं, मलाच समजत नव्हतं. आई ताट वाढायची, ती डाव्या हाताने जेवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. घरात चमच्याचा आवाजही मोठा वाटायचा.

मी मात्र रोज उजाडताच उतरते. शाळेचा गणवेश पायरीवर घडी करून ठेवते. काठी ढोसते. पोटात गोळा येतो, अगदी आत्या म्हणाली होती तसाच. रोज वाटतं, आज नको. चादरी भिजल्या की एवढ्या जड होतात हे मला कधी माहीत नव्हतं.

आज माझी काठी फिरवून झाली आणि मी कडी काढली, तेव्हा मागे पाऊल वाजलं. आत्या वरच्या पायरीवर येऊन बसली होती. ओढणी खांद्यावरून उजव्या बाजूला ओढून घेतलेली. इथे ती त्या दिवसानंतर पहिल्यांदाच आली होती. तिचा श्वास मला वरून ऐकू येत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती.

मी एक पाय पाण्यात टाकला.

"थांब," आत्या म्हणाली. आवाज खरखरीत, न वापरलेला. "डावीकडचा कोपरा राहिला."

मी पाय मागे घेतला. काठी पुन्हा उचलली आणि डावीकडचा कोपरा ढोसला. चिखल होता.

"अजून खाली," ती म्हणाली.